कोरडी दोण

हेदलवण्याच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळ-पठारावर, वैशाखातल्या तिजेला जो पाहुणा पहिल्यांदाच येतो, त्याला आधी एक लहानशी गोष्ट खटकते. ऊन डोक्यावर आलेलं असतं, सगळा गाव कातळावर जमलेला असतो, दगडी दोणीत रातांबे, म्हणजे कोकमाची पिकली फळं, आणि गूळ कुस्करून लालभडक लगदा तयार असतो, शेजारी पेले मांडलेले असतात, पण पालथे. दोणीत पाण्याचा थेंब नसतो. माणसं सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत गप्प बसलेली असतात आणि कुणी घागरीला हात लावत नाही. पाहुणा बावरतो. इथं कुणाचं काही बिनसलंय का, की आपलंच काही चुकलं, असं त्याला वाटू लागतं. मग रखमाजी गुरव त्याला हाताला धरून घळीच्या कडेशी सावलीत बसवतात. म्हणतात, "बसा. पाणी येतंय. तोवर ऐका."

फार मागे, रखमाजींच्या पणज्याच्याही आधी, या गावात गोजरा नावाची एक बाई होती असं सांगतात. जात्याच भित्री. पाठीमागे पान सळसळलं तरी दचकायची. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला, सरसाला, तिनंच वाढवलं आणि लग्नाचं वय झाल्यावर घळीपलीकडच्या झरवाडीत दिलं. घळ कशी, तर हाक एका दमात पोचते, पण पायांना अर्धा दिवस लागतो. रोज सकाळी गोजरा कडेवर येऊन हाक मारायची, "सरसा गोऽ", आणि पलीकडून यायचं, "ओ गो ताईऽ". बाकी बोलणं काही नाही. पण तेवढं कानावर पडलं की गोजराचा दिवस सरळ जायचा.

सड्यावर वैशाखात गोडं पाणी मिळत नाही, म्हणून तिजेचं सरबत दोन्ही गावांचं मिळून होई. रातांबे, गूळ, जिरं आणि चिमूटभर मीठ हेदलवण्याचं. पाणी झरवाडीच्या झऱ्याचं. हेदलवण्याहून तिकडे दिलेली लेक ते पाणी डोक्यावरून आणायची. दोणीत ते पाणी पडलं की सरबताला असा रंग चढायचा, म्हणे, की म्हातारी माणसं प्यायच्या आधी नुसती बघत बसायची.

एका वर्षी दुपार टळली तरी सरसा आली नाही. माणसं कुरकुरू लागली. वेणूकाकी म्हणाली, "गो गोजरा, तुझी बहीण पाणी आणतेय की झरा खणतेय?" सगळे हसले. चारचौघांचं बोलणं गोजराला कधीच सोसत नसे. तिनं घाईघाईनं गावातल्या तळीचं मचूळ पाणी आणवलं आणि दोण भरली. लोकांचा दुसरा पेला चालू होता, तेव्हा सरसा कडेवर आली. डोक्यावर दोन हंडे, एका पायाला ठेच लागून रक्त आलेलं. तिनं दोणीकडे पाहिलं.

"भरलीस होय," एवढंच म्हणाली. दोन्ही हंडे कातळावर ओतले आणि आल्या वाटेनं परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून हाकेला ओ येत होती, पण नुसती ओ. त्यातलं 'ताई' गेलं होतं. वर्षभर गोजरा रोज कडेवर जायची आणि त्या एका शब्दासाठी कान देऊन उभी राहायची. आणि मग चैत्र सरता सरता ओसुद्धा बंद झाली.

"रुसवा मुरला," गावातल्या बायका म्हणाल्या. "लोणच्यासारखा."

तीज आली. लोक तळीच्या पाण्याच्या घागरी घेऊन निघाले, तेव्हा ही भित्री बाई दोणीच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, "सरसाच्या पाण्याशिवाय या दोणीत पाणी पडायचं नाही. आणि तोवर मी सरबत तोंडाला लावायची नाही." लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि घरी गेले. गोजरा रातांब्याचा लगदा तयार ठेवून हाका मारत राहिली. घळीतून तिचीच हाक परत येत होती.

दुसऱ्या दुपारी लगदा फसफसून आंबला. तिनं तो झाडाच्या मुळाशी टाकला, दोण पुसली, नवे रातांबे वेचले. लाल सालं फोडायची, बिया काढून बाजूला ठेवायच्या, गूळ घालून हातानं कुस्करायचं आणि हाक मारायची. रोज तेच. वेणूकाकी येऊन डोकावून गेली. "तुझ्या दोणीत मुंग्यांचं लग्न लागलंय गो," म्हणाली, पण जाताना पदरातला गुळाचा खडा तिथं ठेवून गेली.

पाचव्या दिवशी म्हातारा केरू धनगर पलीकडच्या रानातून बकऱ्या घेऊन आला. गोजराच्या हाका त्यानं तिकडून ऐकल्या होत्या.

"झरवाडीत देवी आल्यात," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधलाय. तिची लेक अंथरुणाला आहे. वाटेवर काटे टाकलेत, मी लांबूनच पाहिलं."

"मग ओ तरी द्यावी."

"तिकडचा नेम आहे. देवी घरात असताना ओ द्यायची नाही. ओ दिली की देवी त्या वाटेनं हाक मारणाऱ्याच्या घरी जाते." केरूनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू हाक मारलीस की ती दारात येते गो. तोंडावर पदर दाबून उभी राहते."

गोजरा खाली बसली. तिनं विचारलं, "मग मी हाका मारायच्या थांबवू का?"

"थांबवलीस तर तिनं दारात यायचं कशाला?"

त्या दिवसापासून गोजरा ओ येण्यासाठी हाक मारेनाशी झाली. सरसानं दारापर्यंत यावं, एवढ्यासाठीच मारायची. आणि आठव्या दिवशी केरू पुन्हा आला, तो मान खाली घालून. दार दोन दिवस बंद होतं. कोण अंथरुणावर आहे, लेक की आई, त्याला कळलं नव्हतं. हाक ऐकून कुणी बाहेर आलं नव्हतं.

झाडावर आता मोजके रातांबे उरले होते. ते संपले की दोण पुढच्या वैशाखापर्यंत रिकामीच. अकराव्या सकाळी गोजरानं शेवटचे सात रातांबे फोडले, म्हणे. वेणूकाकीचा खडा त्यात कुस्करला. गाव हळूहळू कातळावर जमला होता, कुणी बोलावलं नव्हतं तरी. घागर मात्र कुणी आणली नव्हती. गोजरा कडेवर गेली. हाका मारून तिचा आवाज पार बसला होता, तरी तिनं होता नव्हता तेवढा जीव गोळा केला आणि हाक घातली, "सरसा गोऽ".

एवढं सांगून रखमाजी थांबतात आणि कडेकडे बोट करतात. सरसानं हंडे ओतले त्या जागी आजही भर वैशाखात कातळाच्या फटीत हिरव्या दुर्वा असतात. दोणीचा तळ आजही लालसर आहे. घासून जात नाही. आजही तिजेला हेदलवण्यातली एखादी थोरली बहीण कडेवर जाऊन तीच हाक मारते, पेले पालथे राहतात, आणि लेकरांनासुद्धा गप्प बसा म्हणावं लागत नाही. आणि गोजराला त्या अकराव्या सकाळी घळीपलीकडून जे शब्द ऐकू आले, खोल गेलेल्या, चिरक्या, पण ओळखीच्या आवाजात, तेच आजही येतात:

"ओ गो ताईऽ, दोण भरू नकोऽस. पाणी घेऊन निघालेय."