सातव्या पायरीवरची आई

जो मातीला आकार देतो, आकारात जीव ओततो आणि त्या जीवाला दुसऱ्याच्या सुखाने हसायला शिकवतो, त्या दयाघनाला आधी नमन. त्याच्याच कृपेने ऐकणाऱ्याचे कान आणि सांगणाऱ्याची वाणी आज जवळ आली आहे. तेव्हा लहानथोरांनो, स्वस्थ बसा आणि ऐका.

फार फार वर्षांपूर्वी, एका नदीकाठच्या गावात सगुणाबाई नावाची वैद्याची पत्नी राहत असे. घर देवभोळे, हात उदार आणि मन निर्मळ. दोष म्हणावा तर एकच. तिच्या चैत्रगौरीच्या आराशीसारखी आरास पंचक्रोशीत नाही, असे लोकांनी म्हटलेले तिला फार आवडे.

चैत्रात गौर माहेरी येते. तिला झोपाळ्यात बसवावे, पुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडावी आणि सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलवावे, अशी आपली रीत. सगुणाबाईने मनात एक संकल्प धरला होता. आराशीच्या सात पायऱ्यांवर गौरीचे सारे माहेर उभे करायचे. नदीच्या वरच्या अंगाला परसू चितारी नावाचा वृद्ध कारागीर लाकडाच्या बाहुल्या घडवीत असे. तो वर्षाला एकच बाहुली करी, पण अशी की पाहणाऱ्याने तिला नावाने हाक मारावी. पहिल्या वर्षी त्याने गवळण पाठवली, दुसऱ्या वर्षी सनईवाला, मग कासारीण, मामा, भाऊ आणि सहाव्या वर्षी पागोटे घातलेले वडील. खालून वर एकेक पायरी भरत गेली. उरली होती सातवी, सर्वांत वरची. तिथे बसणार होती गौरीची आई.

सगुणाबाईने वर्षभर तिची वाट पाहिली. चैत्र लागला आणि एके सकाळी नावाड्याने पेंढ्यात गुंडाळलेले गाठोडे आणून दिले. सोबत निरोपही होता. परसूबाबांची दृष्टी आता मंदावली आहे, ही त्यांच्या हातची शेवटची बाहुली, आणि आईला सर्वांत वर बसवावे एवढीच त्यांची विनंती.

सगुणाबाईने ओसरीच्या कडेला उभे राहून पेंढा सोडवला, बाहुली डोळ्यांसमोर धरली, आणि तिचा चेहराच उतरला. कपाळ नको तेवढे मोठे. मान पुढे वाकलेली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि ओठांची कड खाली झुकलेली. धाकटी जाऊ म्हाळसा खांद्यावरून डोकावली. तिची जीभ मूळचीच मोकळी.

ती म्हणाली, “जाऊबाई, लेक आल्याचा आनंद हिला बेताचाच दिसतो. डाळ पुरेल की नाही, याचीच काळजी जास्त.”

सगुणाबाईला हसू आले नाही. सहा वर्षांचा संकल्प, आणि शेवटी हे. परसूबाबांची दृष्टी गेली आणि हातही गेला, असे तिला वाटले.

नेमका त्याच वेळी एक सौदागर ओसरीच्या खालच्या पायरीपाशी बसून वहाणांचे बंद सोडीत होता. तो गावोगाव खेळणी आणि नवलाच्या वस्तू घेऊन फिरे. त्याने मान वर करून पाहिले, थोडा वेळ पाहतच राहिला, आणि ही बाहुली विकणार का म्हणून विचारले. आपल्या पेटाऱ्यातून त्याने एक जरीचा शालू नेसलेली, काचेच्या डोळ्यांची बाहुली काढली. तुमची मला द्या, तिच्या मोलात ही तर येईलच, वर देवघरासाठी समईही येईल, असे तो म्हणाला. काचेचे डोळे उन्हात लखलखत होते. सगुणाबाईचे मन तिकडे धावले. तरी तिने सांगितले, आज हळदीकुंकू आहे, दिवेलागणीला या, तेव्हा उत्तर देईन.

दिवसभर तिच्या मनात दोन पारडी वरखाली होत राहिली. विकावी, तर परसूबाबांच्या हातचे माहेर कायमचे अपुरे राहणार, कारण आता दुसरी आई घडणार नव्हती. ठेवावी, तर सर्वांत वरच्या पायरीवर दरवर्षी हा रुसलेला चेहरा बसणार. तिने वैद्यबुवांना विचारले. ते खलात औषध घोटीत होते. ते एवढेच म्हणाले, की रोग्याला नीट पाहिल्याशिवाय मी पथ्य सांगत नाही. सगुणाबाईला वाटले, यांचे चित्त खलातच आहे.

गौरीपुढे पायरी रिकामी ठेवणे बरे नव्हे, म्हणून ती चौरंगावर चढली आणि बाहुली सातव्या पायरीवर बसवली. जवळून पाहिले. तोच चेहरा. तिने मनाशी ठरवून टाकले, संध्याकाळी देऊन टाकायची.

बायका येऊ लागल्या. सतरंजीवर बसल्या, वर पाहिले, आणि नवल असे, की बोलता बोलता वरच पाहत राहिल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. दुसरी आपल्या लेकीला कुशीत ओढून बसली. सगुणाबाई हळदीकुंकू लावत होती, हातांना चंदन लावत होती, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरत होती, पन्ह्याचे पेले पुढे करत होती. बायका बाहुलीचे कौतुक करीत, ते तिला शिष्टाचाराचे वाटे.

सर्वांत शेवटी आली गुरवाची वृद्ध पत्नी. तिला सारा गाव बयोआजी म्हणे. गावातली सर्वांत ज्येष्ठ सुवासीण ती, म्हणून तिचे पाय धुण्याचा मान असे. आराशीला पाठ करून ती पाटावर टेकली.

“सगुणे, आम्ही साऱ्या बसलो,” आजी म्हणाली, “सकाळपासून उभी अशी तू एकटीच. आता तरी बस, बाई.”

सगुणाबाई खाली बसली. तिने आजीचे पाय धुतले, पदराने पुसले, त्यावर मस्तक ठेवले आणि मान वर केली.

आजीच्या खांद्यावरून सातव्या पायरीवरची आई तिच्याकडे पाहत होती. खालून पाहता मोठे कपाळ बेताचे झाले होते. मिटल्यासारख्या पापण्या उघडल्या होत्या. वाकलेली मान लेकीला पाहण्यासाठी पुढे झाली होती, आणि ओठांवर हसू होते. सगुणाबाईची आई देवाघरी जाऊन बारा वर्षे झाली होती. माहेरच्या दारात ती अशीच वाकून विचारायची, “आलीस का गं?”

सगुणाबाई ताडकन उठली. उभ्याने पाहिले, तर चेहरा पुन्हा ओढलेला. बसली, तो आई हसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली.

म्हाळसा म्हणाली, “जाऊबाई, ही गौरीची पूजा आहे की तालीम?”

सारे घर हसू लागले आणि त्या हसण्यात सगुणाबाईचे रडणेही मिसळून गेले. आता तिला परसूबाबांचा निरोप कळला. त्यांची दृष्टी मंद झाली होती, हात नव्हे. आई वर बसणार आणि लेकी खाली, हे धरूनच त्यांनी तो चेहरा कोरला होता.

दिवेलागणीला सौदागर आला. सगुणाबाईने त्याला डाळ आणि पन्हे दिले आणि बाहुली विकायची नाही म्हणून सांगितले. तो हसला.

“सकाळी मी तुमच्या पायरीपाशी बसलो होतो,” तो म्हणाला. “ती माझ्याकडे पाहून हसली, म्हणून तर मागितली. तुम्हीही एकदा बसून पाहा, हे मी सांगायला हवे होते. माझ्यातल्या व्यापाऱ्याने मला गप्प बसवले. ती इथेच शोभते.”

दुसऱ्या दिवशी नावाड्याबरोबर परसूबाबांकडे डाळीचा डबा आणि निरोप गेला, “आईला वर बसवले आणि आम्ही खाली बसलो.” तो ऐकून म्हातारा मनसोक्त हसला, असे नावाडी सांगे. तेव्हापासून त्या घरात नेम पडला. हळदीकुंकवाच्या दिवशी यजमानीण आधी सतरंजीवर बसून आईला डोळे भरून पाहते, आणि मगच वाढायला उठते.

तात्पर्य हे, की कोणालाही उणे ठरवण्याआधी त्याच्यापुढे एकदा नम्र होऊन बसावे, कारण पुष्कळदा उणेपण त्याच्यात नसते, आपल्या ताठ उभे राहण्यात असते.

ही कथा ज्यांनी ऐकली त्यांच्या घरी लेकी हसत येवोत, तृप्त होऊन जावोत. ज्यांची आई जवळ आहे त्यांना तिची सेवा घडो, ज्यांची दूर गेली त्यांना जगन्माउलीचा पदर लाभो. सर्वांचे कल्याण असो.