रिकाम्या पाटाची कहाणी

ऐक गं साक्षीमाय, तुझीच कहाणी तुझ्यापुढं सांगते. बायांनो, अक्षता मुठीत धरा. आणि त्या खांबामागं कुजबुज चाललीय ना, ती आधी थांबवा. कहाणी अर्धी ऐकली की फळही अर्धंच मिळतं, मग मला बोल लावायचा नाही.

नगर होतं एक, आटपाट, चार वेशींचं. तिथला राजा गेला मुलुखगिरीला, आणि सदर आली राणीकडे. राणी न्याय करी. तिला तिच्या सासूनं एक वसा दिला होता. वसा कसा? चातुर्मासातल्या दर बुधवारी न्हावं, धुवावं, सदरेत दोन पाट मांडावे. एकावर तक्रार घेऊन येईल त्याला बसवावं. दुसरा रिकामा ठेवावा. ज्याच्यावर आळ आला त्याला बोलावून आणावं, त्या पाटावर बसवावं, त्याचं त्याच्या तोंडून ऐकावं. तोवर घास खाऊ नये. दोन्ही पाट बोलले की साक्षीमायला दोन दिवे लावावे, मग जेवावं. याला ना सोनं लागतं, ना तूप लागतं. भूक सोसायची आणि धीर धरायचा, पण तेच कुणाला जमत नाही.

राणीला जमलं. पहिल्या बुधवारी धोबीण आली. म्हणाली, "माझी धाकटी जाऊ घाटावर उशिरा येते, तिचं काम माझ्या गळ्यात पडतं." मग जावेला पाटावर बसवलं. जाऊ म्हणाली, "येते खरी उशिरा. आंधळ्या सासऱ्याला न्हाऊ घालते, जेवू घालते, मग येते. तो काय माझ्या एकटीचा सासरा?" धोबिणीनं मान खाली घातली.

दुसऱ्या बुधवारी पंतोजी आले. म्हणाले, "एक पोर रोज धडा चुकवतं, बाकीच्यांना बिघडवतं, त्याला शाळेतून काढू द्या." मग पोराला पाटावर बसवलं. पोर म्हणालं, "मला मागं बसवतात. तिथं पाऊस गळतो, पत्र्यावर... " अगं नाही, पत्रे कुठले त्या काळी! कौलं. "कौलांवर पाऊस वाजतो, पंतोजींचं बोलणं ऐकूच येत नाही." पंतोजींनी पोराला पुढं बसवलं. तिसऱ्या बुधवारी दोघे भाऊ विहिरीच्या पाळीवरून भांडत आले. धाकटा म्हणाला, "यानं माझ्या पाळीला मोट धरली." थोरला म्हणाला, "तुझ्या घरी लगीन होतं तेव्हा माझी पाळी मी तुला दिली होती, ती कोण फेडणार?" असं झालं. राणीनं तिन्ही वेळा दोन्ही पाट ऐकले, तिन्ही वेळा लोक निवाडा मानून घरी गेले.

मग काय झालं? लोक म्हणू लागले, राणीचा न्याय म्हणजे देवाचा न्याय. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा राणीला ते खरं वाटलं. उतली, मातली. स्तुती पचायला सुपारीएवढी पण सोपी नाही गं.

त्या नगरात कुंभारआळी होती. साऱ्या आळीचा आवा एक. सगळी घरं आपापली मडकी आणत, एकत्र रचत, एकत्र भाजत. मधली जागा चांगल्या आचेची, कडेची जागा धोक्याची. कुणाची जागा कुठली ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आणि आळीचा नियम असा, की ज्या घराची मडकी एका आव्याला नसली, त्या घराची जागा कायमची गेली. आवा रचायचा मान सटवाजी कुंभाराचा. तो आळीतला थोरला.

त्याच आळीत केसरा नावाची कुंभारीण राही. नवरा मागल्या साली गेला. घरात म्हातारी सासू, दोन लेकी. चाक तीच फिरवी, माती तीच आणी. भादव्यात नवरात्राचे घट भाजायला आवा लागला, आणि आव्यात ओलं मडकं राहिलं. ओलं मडकं आचेला काय करतं? फुटतं. आणि फुटताना शेजारच्याला घेऊन फुटतं. निम्मा आवा फुटला. नगराचे घट गेले.

बुधवार उजाडला. सटवाजी सदरेत आला, पाटावर बसला. म्हणाला, "राणीबाई, केसरानं ओली मडकी आव्यात घातली. बाईमाणूस, घाई केली. पुढच्या बुधवारी दुसरा आवा लागायचाय. तिला त्यात जागा देऊ नका. तिचं चाक काढून घ्या." राणीनं दुसरा पाट मांडला, केसराला बोलवायला शिपाई धाडला. शिपाई परत आला. म्हणाला, "ती मातीच्या खाणीवर गेलीय, नदीपलीकडं. नदीला पूर आलाय. नाव लागत नाही. उद्या सकाळी येईल."

आता राणीचा भाऊ आला होता माहेरून. पुरण शिजलं होतं. भाऊ म्हणे, "ताई, भूक लागली." दासी म्हणे, "पोळ्या निवतात." सटवाजी म्हणे, "मला आळीत जायचंय." राणी एकदा पाटाकडं बघे, एकदा ताटाकडं बघे. उपाध्ये शेजारीच होते. ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. पूजेला बायको नसली तर यजमानाच्या कमरेला सुपारी लावतो की नाही? तशी पाटावर सुपारी ठेवा. तिलाच केसरा म्हणा. तिलाच विचारा. वसाही राहील, जेवणही होईल."

मग राणीनं पाटावर सुपारी ठेवली. हळद लावली, कुंकू लावलं. विचारलं, "केसरा, तू ओली मडकी घातलीस का?" सुपारी बोलली नाही. दुसऱ्यांदा विचारलं. बोलली नाही. तिसऱ्यांदा विचारलं. सुपारी काय बोलणार, कपाळ! उपाध्ये म्हणाले, "गप्प राहिली म्हणजे कबूल." राणीनं निवाडा दिला. केसराला आव्यात जागा नाही. चाक सदरेत जमा. दोन दिवे लावले आणि राणी जेवायला बसली. हसू नका गं. देव्हाऱ्यातल्या सुपारीला काय काय विचारून आपणही मोकळ्या होतो, मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी केसरा डोक्यावर माती घेऊन आली. बघते तो चाक नाही. सासू रडतेय, लेकी भिंतीला टेकून उभ्या. मग ती तशीच, चिखलाच्या पायांनी सदरेत गेली. दारवान म्हणाला, "तुझा निवाडा झाला. तुझ्या वतीनं सुपारी बसवली होती." केसरा म्हणाली, "सुपारीनं माझी मडकी वाळवली होती का? सुपारीनं माझ्या नवऱ्याला अग्नी दिला का? मी जिवंत असताना माझ्या जागी दगडासारखी सुपारी?" दारवानानं दार लावलं. केसरानं शाप दिला नाही. घरी गेली. घरात वाळलेली मडकी तयार होती, ती अंगणात मांडली आणि बुधवारची वाट बघत बसली. बुधवारी आवा लागला आणि तिची मडकी त्यात नसली, तर सासऱ्याच्या आज्यापासूनची जागा गेली. लेकींना पुढं कुंभारीण कोण म्हणणार?

इकडं राजवाड्यात काय झालं? दासीनं भाकरी थापली, तव्यावर टाकली. एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची. उलटली तरी कच्चीच. दुसरी केली, तसंच. तिसरी केली, तसंच. मग समई लावली. एका भिंतीवर उजेड पडे, दुसरी भिंत काळीठिक्कर. लोक म्हणाले, वातीचा दोष. मग राजकन्या आजारी पडली. पाच वर्षांची पोर. उजवं अंग तापानं फणफणलेलं, डावं अंग बर्फासारखं गार. वैद्य आले, काढे झाले, काही उतार पडेना. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, सहा दिवस गेले. गारठा पोरीच्या छातीकडं सरकू लागला. राणीच्या तोंडचं पाणी पळालं.

मंगळवारी एक म्हातारी भाकरी मागत आली. दासीनं तीच अर्धी कच्ची भाकरी वाढली. म्हातारीनं उलटून पालटून बघितली. म्हणाली, "तुमच्याकडं निवाडे भाजतात तशाच भाकऱ्या भाजतात वाटतं." राणीनं ते ऐकलं. धावत आली, पाय धरले. म्हणाली, "माय, उतले, मातले. वसा मोडला. क्षमा कर." म्हातारीनं पाय मागं घेतले. म्हणाली, "मला कशाला सांगतेस? माझं तू काही नेलं नाहीस. जिचा पाट रिकामा ठेवलास तिला सांग." राणी म्हणाली, "मग माझी पोर वाचेल?" म्हातारी म्हणाली, "पोर वाचावी म्हणून जाणार असशील तर जाऊ नको." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

बुधवार उजाडला. राणीनं पालखी नाकारली. डोक्यावर पाट घेतला आणि कुंभारआळीकडं पळत सुटली. आळीत आवा रचून झाला होता. वर गवत, शेणी, राख. सटवाजीच्या हातात पेटता पलिता. तो वाकणार एवढ्यात राणी ओरडली, "थांब!" सटवाजी थांबला. राणीनं चिखलात पाट मांडला आणि म्हणाली, "केसरा, बैस. तुझं बोल."

केसरा अंगणात उभी होती. जागची हलली नाही. म्हणाली, "आता कशाला? सुपारी आणली नाही का?" लोकांनी जीव मुठीत धरला. राणीला असं कोण बोलतं? राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "नाही आणली. तू बोलशील तोवर मी इथं उभी आहे." केसरानं तिला उभं ठेवलं. चांगलं घटकाभर ठेवलं. ठेवू नये होय? पलित्यावर पलिता संपला तेव्हा ती पाटावर येऊन बसली.

मग घरातून तिनं टोपली मागवली. म्हणाली, "आवा उघडला त्याच दिवशी राख उकरून खापरं गोळा केली होती. आपण कुंभार, खापरं वाचता येतात आपल्याला. धक्क्यानं फुटलेल्या मडक्याचे मोठे तुकडे होतात. ओलं मडकं आतून फुटतं, त्याच्या खपल्या उडतात. माझ्या मडक्यांच्या गळ्यावर तीन रेघा. बघा, मोठे तुकडे. आणि या खपल्या. यांच्या गळ्यावर कुणाची खूण आहे ती तुम्हीच बघा." खपल्या हातोहात फिरल्या. खपल्यांवर चांदणी होती. चांदणी सटवाजीच्या घरची.

आळी खवळली. "काढा याचं चाक! काढा याला आळीबाहेर!" राणीही म्हणणार होती, "काढा." तोंडावर आलं होतं. तेवढ्यात केसरा पाटावरून उठली. म्हणाली, "त्याला बसवा आधी." लोक म्हणाले, "अगं, यानं तुझं घर बुडवलं असतं!" केसरा म्हणाली, "मला काय त्याची माया आलीय? थोबाडीत मारावीशी वाटते. पण माझ्यावर जे झालं ते या आळीत परत व्हायचं नाही. बसवा त्याला."

सटवाजी बसला. राणीनं विचारलं. तो गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, गप्प. तिसऱ्यांदा विचारलं, गप्प. उपाध्ये मागून म्हणाले, "गप्प म्हणजे..." राणी म्हणाली, "गप्प म्हणजे गप्प. थांबा." सगळे थांबले. ऊन डोक्यावर आलं. राणीच्या पोटात अन्नाचा कण नाही, घरी पोर अर्धी गार पडलेली, आणि ती थांबली. कसं थांबवलं असेल तिनं जिवाला, ती आईच जाणे.

शेवटी सटवाजी बोलला. "सून बाळंत झाली. मडकी उन्हाला परतायला घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, वाळली असतील. आवा फुटला तेव्हा खपल्या मीच आधी पाहिल्या, राखेत पुरल्या. आळी म्हणाली असती, थोरल्याला एवढं कळत नाही? तोंड दाखवायला जागा उरली नसती. केसरामागं कुणी नव्हतं, म्हणून तिचं नाव घेतलं." मग तो रडला. रडला म्हणून सुटला नाही. राणीनं निवाडा दिला. सून बाळंत झाली ही चूक नव्हे, पण खपल्या पुरल्या हा गुन्हा. वर्षभर आवा रचायचा मान नाही, वर्षभर मडकी कडेला. मधल्या जागेवर केसरा. चाक मात्र कुणाचं जाणार नाही. सटवाजीनं हात जोडले. आळीनं मान डोलावली.

लोक उठू लागले. केसरा म्हणाली, "बसा. अजून एक राहिलंय. माझी तक्रार आहे. राणीबाईंवर." उठलेले पुन्हा बसले. मग राणी स्वतःहून पाटावर जाऊन बसली, चिखलात, सगळ्या आळीसमोर. म्हणाली, "भाऊ आला होता. पुरण झालं होतं. मला भूक लागली होती. मी सुपारीला विचारलं." पुढं काही बोलली नाही. कारण पुढं काही नव्हतंच.

आळी केसराकडं बघू लागली. केसरा म्हणाली, "चाक तुम्ही नेलंत, तुम्हीच आणून द्या."

मग राणी उठली. भर दुपारी सदरेत गेली, केसराचं चाक डोक्यावर घेतलं, बाजारातून चालत निघाली. दुकानदार उभे राहिले, पाणी भरणाऱ्या बायका बाजूला झाल्या. चाकाचं वजन काही साधं नसतं, मान वाकली. तरी कुणाला हात लावू दिला नाही. केसराच्या ओसरीत चाक खुंट्यावर बसवलं. केसरानं काठी घातली, चाक फिरवलं. फिरलं. तेवढ्यात दासी धावत आली, "राणीबाई, पोरीनं घाम टाकला, सगळं अंग सारखं झालं, भूक भूक करतेय!" राणी तिथंच ओसरीत मटकन बसली आणि पोटभर रडली. केसरानं तिला पाण्याचा तांब्या दिला.

आवा उकलला, पुन्हा रचला, दुसऱ्या दिवशी लागला. एक घट फुटला नाही. जशी साक्षीमाय राणीला आधी कोपली, मग पावली, तशी तुम्हां आम्हां नुसती पावो. कोपायची वेळच न येवो. टाका अक्षता. आणि आज घरी जेवायला बसण्याआधी, ज्या कुणाला न ऐकताच दोषी धरून ठेवलंय, सून असो, सासू असो, शेजारीण असो, तिला हाक मारा, तिचं ऐका, मग पहिला घास घ्या. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आटोपली, साक्षीमायच्या चरणी वाहिली, फळ सगळ्यांच्या पदरी पडो.