पट्ट्याने हूक पसंत केला

डब्यातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. तुळाजीने आपल्या भुंग्या कुत्र्याला फिरवायला घरीच चामड्याचा पट्टा कापला. "टोकाला कुठला हूक हवा, तुझा तूच बघ बाबा," असं पट्ट्याला म्हणत त्याने तो हुकांच्या डब्यात टाकला आणि जेवायला उठला.

पट्ट्याने लगेच मुलगी बघायला आल्यागत बैठक मारली.

"कुठले आपण?"

"शहरातला," चकचकीत हूक म्हणाला. "काचेच्या कपाटात वाढलो."

"वा! जरा वळून दाखवा बरं."

हूक वळला. पट्टा खूश झाला.

मग काळा लोखंडी हूक पुढे सरकला. "पट्टेराव, मला नुसतं बघू नका, धरून ओढा."

"पहिल्याच भेटीत ओढाओढ? कुठल्या घरचे हो तुम्ही?" पट्टा म्हणाला आणि सगळा डबा खिदळला.

चकचकीत हूक ठरला. तुळाजीने तोच ठोकून बसवला.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर भुंग्याला मांजर दिसलं. त्याने एक हिसका दिला, तसा हुकाचा खटका उघडला आणि भुंग्या थेट एसटीपुढे गेला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, म्हणून वाचला.

"अहो, असं कसं सोडलंत?" पट्ट्याने विचारलं.

हूक अजून चमकतच होता. "माझा काय दोष? चांगल्या घरचं कुत्रं असं ओढतं का कधी?"

पट्ट्याला ते अगदी पटलं. तुळाजीच्या खांद्यावर रिकामा लोंबकळत, भुंग्याला नावं ठेवत तो घरी आला. भुंग्या मागून येत होता, सुंभाने बांधलेला.