खरंखुरं रान

फार पूर्वी गोठ्यातल्या जनावरांनाही रानात मुक्कामाला जायची हौस असे. एकदा म्हैस, शेळी आणि कोंबडीने तसा बेत आखला आणि वाट दाखवायला डोंगरावरच्या साळिंदराला बोलावलं.

"साळिंदरभाऊ, रान अगदी खरंखुरं हवं," म्हैस म्हणाली. "फक्त चढ नको, आणि डुंबायला डबकं हवं."

"वर छप्पर हवं," शेळी म्हणाली, "आणि पाला आयता तोंडाशी."

"बिबट्या अजिबात नको!" कोंबडी फडफडली. "आणि दाराला आतून कडी हवी."

साळिंदराने कपाळाला हात लावला. नाही म्हणावं, तर या तिघी हट्टाने एकट्याच निघणार आणि बिबट्याची मेजवानी होणार. अखेर एका धुकट सकाळी त्याने त्यांना टेकडीभोवती दमेपर्यंत फिरवलं आणि मागच्या दाराने त्यांच्याच गोठ्यात आणून सोडलं. त्या दाराने त्या कधी आत आल्याच नव्हत्या.

"अहाहा! याला म्हणतात निसर्ग!" म्हैस रवंथ करत म्हणाली. शेळीने तर सुखाने डोळेच मिटले.

कोंबडीने चहूकडे मान फिरवली. "छान आहे हो," ती म्हणाली, "पण आपल्या गोठ्याची सर नाही याला."