स्मरणिकेचं फाडलेलं पान

“हे असलं तुम्ही आम्हाला शिकवणार, बाई?”

वैजयंता शेलार हातात स्मरणिका धरून उभी होती. अकरावीच्या वर्षाचा पहिला दिवस, इतिहासाच्या खास वर्गाचा पहिलाच तास. या वर्गात चौगुले बाई स्वतः पारखून दहा-बारा मुलं घेत. वैजयंता दहावीला इतिहासात तालुक्यात पहिली आलेली. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती अधूनमधून आठवण करून देत असे.

बाईंनी पाठ्यपुस्तक उघडलंच नव्हतं. धरणाच्या भूमिपूजनानंतर छापलेली, वीसेक वर्षांपूर्वीची ती स्मरणिका त्यांनी वैजयंताच्या हातात दिली होती. मधलं पान काढून म्हणाल्या होत्या, “मोठ्याने वाच.”

तिने फोटोखालची ओळ वाचली होती. “भूमिपूजनाचा मंगल सोहळा. मागे दिसतो आहे तो निर्जन माळ.”

त्या माळावर उंबरथड होती. वैजयंताची वाडी. धरणाचं पाणी चढलं तशी वाडीतली माणसं रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहिली. बदली जमीन मागायला गेली की कचेरीतला साहेब विचारी, “तिथे वस्ती होती याला पुरावा काय?” घरं सरकारी जागेत, मग कागद कुठला असणार? या एका प्रश्नापायी तिच्या वडिलांनी चपला झिजवल्या होत्या.

“उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या घराचा उंबरा वर येतो,” ती म्हणाली. “बसलेय मी त्याच्यावर. आन् हे म्हणत्यात निर्जन!”

रागावली की तिची शाळेतली भाषा गळून पडे.

“मग?” बाई म्हणाल्या.

“मग काय मग!”

तिने ते पान टर्रकन ओढून काढलं. आडवं फाडलं, मग उभं फाडलं. चार तुकडे बाईंच्या टेबलावर फेकले.

मला तर भारी वाटलं. आम्ही पोरांनी बाकं बडवली.

“गप्प बसा!”

बाई ओरडल्या तशी शेजारच्या वर्गातलीही मुलं गप्प झाली असावीत. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती.

“शेलार, ही स्मरणिका कुठून आणली, ठाऊक आहे?”

“न्हाई.”

“रद्दीच्या दुकानातून. सगळा मे महिना हिंडले मी हिच्यासाठी. एकच प्रत मिळाली. ज्यांनी छापली, ते म्हणतात आमच्याकडे शिल्लक नाही.”

“बरं झालं. तेवढं खोटं तरी संपलं.”

“फोटो पाहिलास?”

“काय बघायचं त्यात? टोप्या आन् हार!”

“पाहिलास का, एवढंच विचारते.”

“नाही.”

“ओळ वाचलीस आणि भडकलीस.” बाईंनी तुकडे तिच्याकडे सरकवले. “जुळव.”

वैजयंताने ओठ घट्ट मिटून तुकडे एकमेकांना लावले. आम्ही टेबलाभोवती जमलो. फोटोत टोपीवाले चार पाहुणे होते, एकाच्या हातात हार घातलेली कुदळ होती आणि मागे उघडा माळ दिसत होता.

“माणसं सोड. उजवा कोपरा बघ.”

ती वाकली.

कोपऱ्यात दोन लाकडी मेढींना बांधलेली दोरी होती. दोरीवर एक लुगडं वाळत घातलेलं. त्याच्या शेजारी तान्ह्या मुलाचं झबलं. तिने पान फाडलं ती रेघ बरोबर लुगड्याच्या मधून गेली होती.

“निर्जन माळावर,” बाई म्हणाल्या, “लुगडं कुणी वाळत घातलं, शेलार?”

वैजयंताने लुगड्यावर बोट ठेवलं.

“बाई… हाच पुरावा…”

“एवढी वर्षं तो त्यांच्या खोट्यातच पडून होता. त्यांना फाडायचं सुचलं नाही. तुला सुचलं.”

हे फार झालं. मला बाईंचाच संताप आला. पोरीला दोन शब्द आधी सांगितले असते तर काय बिघडलं असतं? पण मला तोंड उघडावं लागलं नाही. वैजयंताच उसळली.

“मग आधी का न्हाई सांगितलंत? माझ्या वाडीचा जीव टांगणीला होता आन् तुम्ही मला कोडी घालत बसलात!”

“सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. बघितलं नसतंस.”

मग बाईंनी विचारलं, “डब्यात काय आहे?”

“भात.”

“काढ.”

वैजयंताने शितं बोटाने मळली. नव्या कोऱ्या वहीचा कागद फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि पानाच्या मागून एकेक चिकटवली. ती रडत होती आणि रडू येतंय याचाच तिला राग येत होता. मनगटाने डोळे पुसायची, पुन्हा शितं मळायची. लुगड्याच्या दोन्ही कडा जुळेपर्यंत तिने मान वर केली नाही.

पान अखंड झालं. मधून रेघ मात्र राहिली.

“जोड दिसतोय, बाई.”

“दिसणारच.”

“साहेब विचारतील, हे कुणी फाडलं.”

बाईंनी आपल्या पेनचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“मागच्या पट्टीवर लिही. कुणी फाडलं, कधी फाडलं, का फाडलं. खाली सही कर.”

“माझी सही?” तिचा चेहरा लाल झाला. “ते तर खोटं छापून मोकळे झाले! त्यांनी कुठं सही केलीय? आणि मीच तेवढी करू?”

बाई पेन तसंच धरून राहिल्या.

“आजवर पुरावे फाडणाऱ्यांनी सह्या केल्या असत्या, तर मला हा वर्ग चालवावा लागला नसता.”