मोराला सातची वेळ

पुण्याबाहेर टेकडीच्या कुशीत श्रीमंत बंगल्यांची एक हिरवीगार वसाहत होती. तिथल्या बागा हौसाबाई सांभाळायच्या. वसाहतीचे अध्यक्ष दिघेसाहेब यांना नियम करायचा भारी सोस. झाडावरचा मोर रोज पहाटे पाचला ओरडून त्यांची झोपमोड करायचा, म्हणून त्यांनी भर सभेत हौसाबाईंना उभं केलं.

"तो तुमच्या हातचे दाणे खातो. त्याला बजावा, सातच्या आत आवाज करायचा नाही. नाहीतर तुमचं काम बंद!"

या वयात हौसाबाईंना दुसरं काम कोण देणार? पण "विचारून येते," म्हणत त्या झाडाखाली जाऊन आल्या.

"साहेब, मोर कबूल आहे. पण त्याच्याकडे घड्याळ नाही. तो म्हणतो, रोज सातला साहेबांनी गच्चीवर येऊन एकदा जोरात 'म्यँऽऽओ' करावं, की मी लगेच मागून सुरू करतो."

सभा खो खो हसू लागली. दिघेबाई तर कौतुकानं म्हणाल्या, "ह्यांना जमेल हो ते!"

साहेब कानापर्यंत लाल झाले. "राहू दे," ते पुटपुटले, "पाचलाच ओरडू दे त्याला."