घामाचं माप

एका नगरात एक पाथरवट होता. बाकी माणूस गुणी, पण एक खोड वाईट. त्याला घाम यायचा.

आता त्यात वाईट काय, म्हणाल. तर त्या नगरात कर होता घामावर! 'जो राबतो तो कमावतो, कमावतो त्यानं द्यावं,' असं राजाला कुणीतरी पटवलेलं. कुणी, ते कळेलच. दिवस कलला की वेशीवर मोजणीदार बसे. येणाऱ्याच्या तोंडावरून कोरडं फडकं फिरवी आणि तराजूत टाकी. फडकं जड तितके मजुरीतले जोंधळे सरकारजमा.

दगडाच्या खाणीचा मालक शेट मेण्यातून येई, मागे पंखा ढाळणारे दोघे. त्याच्यावर फिरवलेलं फडकं कोरडंच परते, वर अत्तराचा वास घेऊन.

पाथरवटाची बायको बाळंतीण. एकदा ती म्हणाली, "अहो, पोटात अन्न नाही, दूध आटलं. बाळ नुसतं चोखतंय. जरा सावलीत बसून फोडा ना दगड!"

"सावलीला दगड येत नाहीत गं," तो म्हणाला, आणि मजुरीची पिशवी तशीच काखेत मारून थेट दरबारात गेला.

"महाराज, घाम नका मोजू. ज्याची कोठारं मोठी, त्याची कोठारं मोजा!"

राजाशेजारी शेट बसला होता. ऐकलं मात्र, त्याला दरदरून घाम फुटला. अंगरखा भिजला, खालची गादीसुद्धा भिजली.

पाथरवट उडालाच. "बघा, बघा! मोजणीदार, फडकं आणा! फडकं कसलं, चादर आणा!"

दरबार खो खो हसला. मोजणीदारानं नियमांची पोथी उघडली. "महाराज, पोथीत कष्टाचा घाम लिहिलाय. हा भीतीचा. माफ."

"पोथी लिहिली कुणी?" पाथरवटानं विचारलं.

"शेटजींनीच. अक्षर मोत्यासारखं आहे त्यांचं."

"नियम सर्वांना सारखा," राजा म्हणाला. "झाला न्याय."

पाथरवटाला घरचं बाळ दिसलं. त्याचे डोळे भरले, पाणी हनुवटीपर्यंत आलं. मोजणीदार लगबगीनं पुढे झाला, हळुवार हातानं त्याचं तोंड पुसलं. पाथरवटाला वाटलं, आहे बुवा जगात माणुसकी.

फडकं तराजूत पडलं.

"हे मात्र कष्टाचं," मोजणीदार म्हणाला, आणि त्यानं पिशवीत हात घातला.

तात्पर्य: ज्याला घाम येत नाही, त्याला घामाचं माप ठरवू देऊ नये. दिलंच असेल, तर निदान रडताना तोंड फिरवावं.